पत्र्यावरची आत्या

"लिंक नाही," काचेपलीकडचा माणूस मान वर न करता म्हणाला. कधी येईल असं विचारलं, तर म्हणाला, "आली की येईन."

आत्याला लिंक म्हणजे कोणी बाई वाटली. "कोठी गेली थे?" तिने मला हळूच विचारलं. "जेवाले गेली का?"

आम्ही दोघी हक्कसोड करायला आलो होतो. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नाव सांगितलं तर कचेरीचंही नाव सांगितल्यासारखं होईल, म्हणून राहू द्या. आत्या माझ्या बापाची बहीण, मी माझ्या भावाची बहीण. सात एकर काळी जमीन, कापूस-तुरीची. तिच्या सातबाऱ्यावरून आपापली नावं कमी करून द्यायची, एवढंच काम. दस्त त्या दिवशी झाला नाही, पुढच्या मंगळवारी झाला. त्यावर मला इथे काही लिहायचं नाही. म्हणजे लिहायचं आहे, पण जमत नाही.

दस्त लिहिणाऱ्याने सकाळीच सांगून ठेवलं होतं, दोघींचे दोन-दोन फोटो आना. लिंक नाही तर नाही, तेवढं तरी उरकू म्हणून आम्ही बसस्टँडसमोरच्या फोटो स्टुडिओत शिरलो. आधार, पॅन, झेरॉक्स, लॅमिनेशन, प्री-वेडिंग, सगळं एकाच पाटीवर. आत निळा पडदा, एक स्टूल, दोन छत्रीचे दिवे. दोन मिनिटांत आमचे चेहरे कॉम्प्युटरवर आले. माऊस हातात घेतलेल्या पोराने आत्याच्या कपाळावर बाण नेला आणि मला विचारलं, "हे काढू का ताई? साफ दिसन."

हे म्हणजे गोंदण. कपाळावर उभे तीन टिपके, हनुवटीवर एक, थोडा डावीकडे. मी नाही म्हटलं. आत्या भिंतीवरच्या नवरा-नवऱ्या बघत होती, तिला काही कळलं नाही.

त्या नवरा-नवऱ्यांच्या मध्येच एक छोटी काळी चौकट होती. पोस्टकार्डाएवढी. त्यात एक म्हातारा. डोळे पांढुरके, सुरकुत्या कोरून काढल्यासारख्या, अंगातला सदरा लख्ख. हा माणूस सव्वाशे वर्षांपूर्वीचा असावा असं समजून मी विचारलं, कोण हे?

"माये वडील," स्टुडिओचा मालक म्हणाला. "मागच्या डिसेंबरात काढला. घरीच हायेत, गहू निवडून राहिले."

असं ते टिनटाइपचं, म्हणजे पत्र्यावर काढलेल्या फोटोचं, प्रकरण सुरू झालं.

मालक पस्तिशीचा. त्याचे आजोबा पेटीचा कॅमेरा घेऊन यात्रांमधून फिरायचे. रामनवमीला पोहरादेवीला तर ठरलेलंच. पेटीतच हात घालून कागदावर उलटा फोटो काढायचा, त्या कागदाचा पुन्हा फोटो काढून सुलटा करायचा, बादलीत धुऊन ओलाच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. वडिलांनी स्टुडिओ टाकला. याच्या वाट्याला आधार कार्ड आलं. मग टाळेबंदीच्या दिवसांत, लग्नं बंद आणि हात रिकामे असताना, याने मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून ही दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची विद्या शिकून घेतली. लाकडी कॅमेरा सुताराकडून करवून घेतला. डोकं हलू नये म्हणून मागून टेकू देणारा लोखंडी दांडा वेल्डिंगवाल्याकडून, जुन्या टेबलफॅनच्या स्टँडवर बसवलेला. कोणी काढून घेतं का असे फोटो? "साहेब लोक येतात कधी कधी अमरावतीहून," तो म्हणाला, आणि मग खरं सांगितलं, "दोन झाले यंदा."

बाराशे रुपये म्हणाला. लिंक यायला अवकाश होता. मी हो म्हटलं.

"टिनावर फोटू?" आत्याने वर छपराकडे बघितलं. आमच्याकडे टिन म्हणजे घरावरचा पत्रा. तिचं चुकलं नव्हतं. नावात टिन असलं तरी या फोटोत कथील औषधालाही नसतं. मूळ वस्तू लोखंडाचा पातळ पत्रा, त्यावर काळा रोगण भाजून बसवलेला. 1853 साली फ्रान्समध्ये मार्टिन नावाच्या माणसाने धातूवर असा फोटो काढण्याची रीत मांडली, 1856 मध्ये अमेरिकेतल्या ओहायोच्या हॅमिल्टन स्मिथ या प्राध्यापकाने पेटंट घेतलं. स्वस्त, न फुटणारा, दहा-पंधरा मिनिटांत हातात येणारा फोटो. आमचा फोटोग्राफर लोखंडाऐवजी काळा रंग दिलेला ॲल्युमिनियमचा पत्रा वापरतो. लोखंड गंजते, म्हणाला.

मागच्या अंगणात नेलं. तिथे एक न्हाणीघर होतं, त्याच्या खिडकीला लाल कापड. ती त्याची अंधारी खोली. दार उघडलं आणि दवाखान्याचा वास आला, जुन्या काळच्या दवाखान्याचा.

"थो ईथर हाये," तो म्हणाला. "म्हनून उन्हाळ्यात हे काम बंद. दिवाळी ते होळी, बस."

हे मला फार आवडलं. ईथर साधारण 35 अंशांवर उकळतो. आमच्याकडे मार्चातच पारा त्याच्या पुढे जातो, मे महिन्यात तर पंचेचाळीस गाठतो. म्हणजे वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ही बाटली नुसती उघडून ठेवली तरी तिच्यातला ईथर उकळून उडून जायचा. ज्या मुलखांत ही कला जन्मली तिथल्या लोकांना ही अडचण कधी स्वप्नात तरी दिसली असेल का!

त्या बाटलीत फिकट पिवळं, मधासारखं पण मधापेक्षा पातळ काहीतरी होतं. कलोडियन. त्याने पत्रा डाव्या हाताच्या बोटांवर तोलला, एका कोपऱ्यापाशी ते ओतलं आणि पत्रा कलता करत ते चारही कोपऱ्यांना नेऊन उरलेलं परत बाटलीत सोडलं. धिरडं घालणाऱ्या बाईचा हात. आत्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा पसंती दिसली.

"हे कायचं हाये?"

"कापूस हाये आजी."

"काय सांगतं!"

"खरंच. कापूस ॲसिडमधी बुडवायचा, धुवून वायवायचा, मंग ईथर अन् स्पिरिटमधी विरघयवायचा. कापसाचंच पानी हाये हे."

आत्या वाकून बघायला लागली. साठ-पासष्ट वर्षं कापूस वेचलेली बाई. बोटांची टोकं बोंडाच्या काट्यांनी कायमची खरखरीत झालेली. तिने त्या बाटलीचा भाव विचारला. त्याने सांगितला. मग तिने या वर्षीचा कापसाचा भाव त्याला सांगितला, आणि दोघंही काही बोलले नाहीत.

घरी आल्यावर मी या कापसाच्या मागे लागले. 1846 मध्ये बाझेलच्या शनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात भिजवलेल्या कापसाची गोष्ट जगाला सांगितली. दिसायला साधा कापूस, पण ठिणगी लागली की बंदुकीच्या दारूपेक्षा जोरात उडतो. तो ईथर-अल्कोहोलमध्ये विरघळवला की चिकट द्रव होतो, सुकला की त्याचा पारदर्शक पापुद्रा. आधी डॉक्टरांनी तो जखमांवर लावायला घेतला. मग 1851 मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने त्याचा फोटोसाठी उपयोग छापून जाहीर केला आणि त्याचं पेटंटच घेतलं नाही. सगळ्यांनी त्यावर पैसे केले. आर्चर 1857 मध्ये गरिबीत मेला. दुसऱ्याच्या नावे करून देणारे लोक सगळीकडे असतात.

पण मला थांबवलं ते पुढच्या तारखेने. टिनटाइप खरं पसरलं ते 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवीत. लढाईवर निघालेली पोरं छावणीबाहेरच्या तंबूत बसून पत्र्यावर चेहरा काढून घ्यायची आणि टपालाने आईला, बायकोला पाठवायची. काच फुटली असती, पत्रा पोचायचा. आणि त्याच चार वर्षांत, त्याच लढाईत, दक्षिणेची बंदरं अडवल्यामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि इंग्रजांची नजर वळली वऱ्हाडकडे, जो 1853 मध्येच निजामाकडून त्यांच्या ताब्यात आला होता. कापसाला सोन्याचा भाव आला. लढाई संपली तसा उतरलाही. पण तोवर रूळ टाकायला सुरुवात झाली होती. 1867 मध्ये आगगाडी नागपूरला पोचली, 1870 मध्ये नुसत्या कापसासाठी खामगावला फाटा निघाला, आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आमची शकुंतला, मूर्तिजापूरहून यवतमाळला. आता तिच्या रुळांवर बाभळी आहेत. माझ्या पणजोबांनी ज्वारी मोडून कापूस पेरला तो त्या सगळ्या लाटेतच कुठेतरी. म्हणजे ज्या लढाईने त्या पोरांना पत्र्यावर बसवलं, तिनेच आम्हाला या सात एकरांत आणून बसवलं. हे त्या दिवशी अंगणात माहीत असतं तर आत्याला सांगितलं असतं. तिने म्हटलं असतं, बरं मंग?

तर, अंगणात. कापसाचा थर बोटाला चिकटेल इतपत आला की पत्रा सिल्व्हर नायट्रेटच्या डबीत तीन मिनिटं बुडवायचा, लाल उजेडात. आता तो प्रकाश ओळखायला लागतो. पण ओला आहे तोवरच. सुकला की आंधळा. म्हणून कॅमेऱ्यात घालून, फोटो घेऊन, परत न्हाणीघरात पळून धुवेपर्यंत सगळी धावपळ.

आत्याचं लक्ष त्याच्या बोटांवर गेलं. दहाही बोटं काळी, नखांपर्यंत.

"कावून रे बाप्पा, लय ठिकानी मतदान करून आला का?"

तो खदखदा हसला आणि म्हणाला, तेच औषध हाये आजी. आणि ते खरंच आहे. 1962 पासून आपल्या बोटाला लागते त्या म्हैसूरच्या शाईत हेच सिल्व्हर नायट्रेट असतं. कातडीत शिरतं, उजेड लागला की काळं होतं, धुऊन जात नाही. कातडी झिजून नवी आली की जातं.

आधी मी बसले. मानेमागे टेकू. त्याने सांगितलं, पापणी लवली तर चालते, मान हालली नाही पाहिजे. हा पत्रा इतका मंद असतो की भर उजेडातही काही सेकंद लागतात. घड्याळ वगैरे काही नाही. त्याने भिंगावरचं झाकण काढलं आणि "गण गण गणात बोते" असं तीनदा, शांतपणे म्हणून झाकण लावलं. वऱ्हाडातल्या माणसाला याहून पक्कं मोजमाप नाही.

मग न्हाणीघरात, लाल उजेडात, पत्र्यावर हिराकसाचं पाणी. कापडाला काळा रंग देताना आजी वापरायची तोच हिराकस. क्षणभर काहीच नाही, मग धुरासारखं काहीतरी. साध्या पाण्याने धुतलं की बाहेर आणता येतं. बाहेर पाहिलं तर निळसर, उलटा, भुतासारखा चेहरा. निगेटिव्ह. तो त्याने हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करायच्या औषधाच्या, ट्रेमध्ये सोडला. जुने लोक इथे सायनाईड वापरायचे. "घरी लहान पोरगी हाये," तो म्हणाला. आणि त्या पाण्याखाली निळसरपणा विरघळत गेला आणि कोणीतरी आतून वर आलं. याचं वर्णन करायचा मी तीनदा प्रयत्न केला. विहिरीत डोकावून पाहावं आणि विहिरीतल्याने आधीच आपल्याकडे पाहत असावं, तसं काहीसं.

आणि तो चेहरा मला आवडला नाही, हेही सांगून टाकते. माझ्या गालावर वांग आहे. म्हणजे होता. पुण्याच्या डॉक्टरच्या क्रीमने दोन वर्षांत गेला असं मी समजत होते. पत्र्यावर तो जसाच्या तसा उभा होता, दोन्ही गालांवर, नकाशासारखा. माझा गडद निळा कुर्ता धुतल्यासारखा पांढरा. लाल टिकली कोळशासारखी काळी. भांग उलट्या बाजूला.

भांगाचं कारण सोपं. भिंगातून आलेली प्रतिमा थेट पत्र्यावर बसते, मध्ये सुलटी करायला कोणी नाही, म्हणून आरशातल्यासारखी डावी-उजवी बदललेली. रंगांचं कारण असं की या कापसाच्या थराला निळा, जांभळा आणि त्याच्याही पलीकडचा, आपल्याला न दिसणारा उजेड दिसतो. लाल त्याला दिसतच नाही. म्हणून तर लाल कापडाच्या खिडकीशेजारी तो बिनधास्त बसतो, आणि म्हणून टिकली काळी. निळं मात्र त्याला उजेडासारखं. कातडीखालचे उन्हाचे डाग डोळ्यांना दिसायच्या आधी त्याला दिसतात. तो खोटं काढत नाही, दुसऱ्याच उजेडात काढतो. तरीही मी पत्रा पालथा ठेवला.

आत्या म्हणाली, "आता मायाही काढ."

मला वाटलं होतं ती नको म्हणेल. पण ती स्टुलावर बसलीसुद्धा. लुगड्याचा पदर डोक्यावरून सारखा केला, हात मांडीवर ठेवले, उजवा हात वर. टेकू नको म्हणाली. आणि त्या तीन "गण गण"मध्ये ही बाई जशी बसली तशी मी कुणाला बसलेलं पाहिलं नाही. निंदायला बसलेल्या बायका मुकडदम येईपर्यंत बसतात तशी. तीन वेळा झालं तरी ती हलेना. शेवटी त्याने सांगितलं, झालं आजी.

हायपोतून वर आली ती आत्याच होती. माझ्या भावाकडे, मोबाइलमध्ये, लग्नांच्या अल्बममध्ये तिचे वीसेक फोटो असतील, त्यातल्या एकातही ती अशी नव्हती. डोळ्यांच्या कडांचं जाळं, गालाची खाच, ओठांची मिटलेली रेघ. मला भरून आलं. आत्याने पत्रा उन्हात धरला, लांब केला, जवळ घेतला.

"हे मी नोहे," ती म्हणाली.

"असं कसं आत्या, किती छान आलाय!"

"मायं गोंदन कोठी हाये?"

आम्ही पाहिलं. नव्हतं. कपाळ रिकामं, हनुवटी रिकामी. फोटोग्राफर पत्रा घेऊन उन्हात गेला, परत आला. त्यालाही हे नवीन होतं. मी मात्र कुठेतरी वाचलेलं होतं, न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या चेहऱ्यावरचं गोंदण अशाच जुन्या फोटोंतून नाहीसं झालं होतं. जुनं गोंदण हिरवट-निळं होत जातं. निळं या पत्र्याला उजळ दिसतं, उन्हाने रापलेली कातडी गडद, आणि दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. हे मी आत्याला सांगितलं. म्हणजे सांगायला लागले.

"पन थे तं संगं येते," ती मला थांबवून म्हणाली.

आमच्याकडे म्हणतात तसं. सोनं-नाणं लेकी-सुना काढून घेतात, लुगडं जळतं, बाईच्या संगं वर जातं ते फक्त गोंदण. आठ-नऊ वर्षांची असताना आजीने, म्हणजे तिच्या आईने, तिला ओसरीवर धरून बसवलं होतं. दोघींनी हात धरले, एकीने तोंड. काजळीत बुडवलेल्या सुया. कपाळ, हनुवटी, आणि उजव्या हातावर तुळस आणि तुळशीखाली भावाचं नाव, दोन अक्षरी. माझ्या बापाचं. तिला वाचता येत नाही, पण ते नाव कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं ते बोटाने दाखवता येतं. सकाळी काचेपलीकडच्या माणसापुढे अंगठा द्यायला तिने पुढे केला होता तो हाच हात.

पत्र्यावर हातही रिकामा होता. मी पाहिलं. ती अजून कपाळातच होती.

"हे वायलं का?" तिने विचारलं.

"वायलं आजी. आता रोगन लावतो म्हनजे खराब होनार नाही."

"थांब."

तिने कमरेची चंची सोडली. सुपारी, अडकित्ता, तंबाखूची डबी, आणि एका खणात दोऱ्याच्या रिळात खोचलेली सुई, शेतावर काही फाटलं-तुटलं तर असावी म्हणून. सुई काढून तिने मांडीवर पत्रा घेतला. फोटोग्राफर पुढे झाला, मी त्याचा हात धरला. वरच्या थरात चांदीचे कण असतात, तेवढाच उजेड. खाली सगळा काळा रंग. रोगण लागेपर्यंत तो थर नखानेही निघतो. सुई टेकली की खालचं काळं वर येणार, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तिने कपाळावर पहिला टिपका दिला. बारीक, काळाभोर. मग त्याखाली दुसरा, मग तिसरा. श्वास रोखून. हनुवटीशी थांबली, स्वतःच्या हनुवटीला डाव्या बाजूला बोट लावून पाहिलं आणि पत्र्यावरही डावीकडेच सुई टेकवली. मी "उलटं" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. आरशात ती जन्मभर तिथेच दिसत आली होती, आणि पत्राही आरशासारखाच होता. बरोबर जागा तीच होती.

मग सुई हातावर आली. तुळशीची एक उभी रेघ तिने काढली, खरं तर रेघोटीच. त्याखाली सुई काही वेळ तशीच राहिली.

"हे राहू दे," ती म्हणाली. "थे मले लिहिता येत नाई."

मला येतं. मी काही बोलले नाही. सुई तिने मला दिलीही नाही.

फोटोग्राफरने स्पिरिटचा दिवा पेटवला, पत्रा गरम करून त्यावर रोगण फिरवलं, लव्हेंडरच्या तेलाचा गोड वास न्हाणीघरभर झाला. माझा फोन वाजला, भाऊ विचारत होता, लिंक आली का. मी म्हटलं बघते. दुसऱ्या पत्र्याचे किती, असं मी पर्स उघडत विचारलं, तर फोटोग्राफर म्हणाला, आजीचे नाही घेत ताई.

"तुहे नको घेऊ," आत्या चंची बांधत म्हणाली. "पन गोंदनारीन पायलीभर जवारी घेये. मायं काय देतं थे सांग."